आधी माझं बघा
हॉटेलात सिरक्यातला कांदा पुढे आला की मला विंचूरजवळच्या शाळेतली एक खोली आठवते. दोन हजार सालाच्या आसपास तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती आणि मी नर्स म्हणून गेले होते. दोन बाकं उभी करून, त्यांवर चादर टाकून आडोसा केला होता. डॉक्टरीणबाई आत औषधाचा बोळा लावून मिनिटभर थांबणार होत्या; पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी करायची. त्या औषधाचा वास अगदी सिरक्याचा. बाया व्हरांड्यात बसून होत्या, आत मात्र कुणी येईना. शेवटी कांद्याच्या खळ्यावरून आलेली एक सासू सुनेला मागे सारून म्हणाली, “आधी माझं बघा. काय करता ते कळू द्या, मग हिला पाठवते.” मिनिटभरात तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी पांढरा डाग उमटला. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं आणि नाशिकच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. तिने चिठ्ठी कमरेला खोचली, पदर सारखा केला आणि दारातूनच सुनेला म्हणाली, “जा, काय दुखत नाय. लय सोपं हाय.” तिच्या शब्दावर व्हरांड्यातल्या सगळ्या बाया आत आल्या. ती नाशिकला गेली का, हे मला कळलं नाही. मी आता रिटायर झाले आहे. स्वतःची तपासणी अजून करून घेतलेली नाही.