रिंगणापलीकडचा म्हातारा

शिरगावात दर गणपतीत आम्हा कोकणातल्या लोकांचा जाखडीचा नाच होतो. मी चौथी नापास, पण तीस वर्षांत एक नाच चुकवलेला नाही; तेव्हा नाचातलं मला कुणी शिकवू नये. नाचणारे रिंगण धरून फिरतात, मधे मृदुंग वाजतो आणि लोक चहूबाजूंनी बसतात. माझ्या बरोब्बर समोर, रिंगणापलीकडे, दरवर्षी एक टोपीवाला म्हातारा बसायचा. आम्ही कधी बोललो नाही. नाचणाऱ्यांच्या पायांमधून तो तेवढा दिसायचा, मांडीवर ठेका धरून बसलेला.

यंदा मंडळानं नवीनच सोंग काढलं. स्टेज बांधलं, रंगीत दिवे लावले आणि नाचणारे लोकांकडे तोंड करून एका रांगेत उभे केले. का, तर व्हिडिओ चांगला येतो! नाच कसला, रेशनची रांग ती.

रिंगणच नाही तर पलीकडं बसणार कुठं, म्हणून म्हातारा माझ्या शेजारी आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "घामेजलेली पाठ दिसल्याशिवाय नाच कळतो होय?"

मग त्यानं खुर्ची उचलली, स्टेजवर चढला आणि नाचणाऱ्यांच्या मागं जाऊन बसला.

"ओ काका, व्हिडिओत येताय!" मंडळाचा एक पोरगा ओरडला.

"मग फिरा की इकडं!" म्हातारा नाचणाऱ्यांना म्हणाला.

मंडळाच्या दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. लोक हसले. इतका वेळ मंडळाला सगळ्यांत मोठ्यानं शिव्या मीच घालत होतो, पण तेव्हा जागचा हललो नाही. घरी सांगितलं, गुडघा धरला होता.