पाण्याखालचा खडक

गराजमधली, बोटीवर वापरलेली जुनी दोरी उन्हात टाकली की अजून खारट वास सुटतो आणि मेन राज्यातलं ते कोळ्यांचं गाव आठवतं. भाड्याने घेतलेली शिडाची बोट आम्ही नवरा-बायकोने दुपारी किनाऱ्याजवळ आणली, खोली मोजायच्या यंत्रावर भरपूर पाणी दिसलं, म्हणून खुशाल नांगर टाकला. तेवढ्यात एक म्हातारी कोळीण होडी वल्हवत आली. "आत्ता भरती आहे. ओहोटीला इथे पाणी नसेल. माझ्या मागून या," ती म्हणाली. इंजिनिअर नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तिने आम्हाला खोल पाण्यात नेलं, नांगराची साखळी दुप्पट सोडायला लावली आणि माझा तळहात साखळीवर ठेवला. "थरथरली तर नांगर घसरतोय." साखळी शांत होती. मी दिलेला चिवडा चाखून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बघितलं, तर आमच्या पहिल्या जागी काळा खडक उघडा पडला होता. आता इथे आमच्या नेपरव्हिल शहरात शेजारी कोणी नवीन आलं की थंडीआधी मी स्वतःहून दार वाजवते, नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं ते सांगते. "कशाला नाक खुपसतेस?" असं नवरा आता विचारत नाही. खडक त्यानेही बघितलाय.