सुभद्राच्या नावचा अर्ज

सुभद्रा नाकानं प्लास्टिक ओळखायची. भंगाराच्या ढिगातून एक तुकडा उचलायची, काडी पेटवून त्याच्या कडेला लावायची, फुंकून विझवायची आणि उठलेला धूर नाकाशी घ्यायची. मेणबत्तीसारखा वास आला की तुकडा डाव्या हाताला. घसा धरणारा, आंबूस वास आला की बाहेर. तो पीव्हीसी. तो मूठभर जरी प्लास्टिक वितळवून दाणा करणाऱ्या मशीनमध्ये गेला तरी अख्खी घाणी नासते. लोक यासाठी पाण्यात तुकडे टाकून बघतात, कुणी कुणी यंत्र ठेवतात. आमच्याकडे सुभद्रा होती.

ती माझी बायको. नायगावकडची. शाळा चौथीपर्यंत. मी चाकूरचा, सातवी नापास. लातुरात आम्ही दोघांनी आधी भंगाराचा गाडा चालवला, मग गोदाम, मग एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड टाकून दाण्याचं मशीन बसवलं. दुधाच्या पिशव्या आणि शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या धुवायच्या, बारीक करायच्या, वितळवायच्या. मशीनच्या तोंडातून शेवयांसारख्या तारा पाण्यात पडतात आणि पुढे कटरमध्ये त्यांचा दाणा होतो. तो दाणा पाइप करणारे घेऊन जातात. जागा बाईच्या नावानं लवकर मिळत होती म्हणून कारखाना मी तिच्या नावानं केला. माझ्या मनात ते नुसतं नाव होतं. तिच्या मनात तसं नव्हतं, हे मला कळायला उशीर लागला.

एकदा निलंग्याकडचा एक व्यापारी नळ्यांचा ट्रक घेऊन आला. वरचा माल चांगला होता. सुभद्रानं ट्रकवर चढून खालून एक नळी ओढली आणि काडी काढली. तो घाईघाईनं म्हणाला, "ताई, आधी चहा तर घ्या. मागवलाय."

ती म्हणाली, "मला चहा पाजताव. नाकाला काय पाजताव?"

ट्रक तसाच परत गेला. मी तिला म्हणालो, गिऱ्हाईक तोडलंस. ती म्हणाली, "तुटलं तर तुटलं. मशीन नासलं असतं तर तुमीच माझ्या नावानं ओरडत बसला असताव." हे खरं होतं. मी ओरडणारा माणूस. ती ओरडत नसे. तिचं बोलणं हळू आणि लागेल असं.

कागदाच्या बाबतीत तर ती माणसाचा अंत बघायची. कुठलाही कागद सहीला आला की बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची. इंग्रजी असला की समोरच्याला म्हणायची, "सांगा, ह्या ओळीत काय हाय." बँकेचा माणूस घड्याळाकडे बघायचा. मला लाज वाटायची. एकदा मी म्हणालो, "अगं, ते काय आपल्याला लुटायला बसलेत का?" ती म्हणाली, "लुटतेत आसं कुठं म्हणले मी? पर सही माझी हाय ना. मग मला ठाऊक नको का, मी काय बोलून राहिले?" सही करणं म्हणजे तिला बोलणं वाटायचं. सहीवाला माणूस तिथं नसला तरी त्याचं बोलणं तिथं उभं असतं, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. मी त्याला अडाणीपणा समजायचो.

मग ते नोंदणीचं आलं. कायदा असा आहे, जो पिशवीत माल भरून विकतो, त्याच्यावर त्या पिशवीची पुढची जिम्मेदारी. तेवढं प्लास्टिक गोळा होऊन त्याचं पुन्हा काहीतरी झालं पाहिजे. मोठ्या कंपन्या हे स्वतः करत नाहीत. आमच्यासारखा कारखाना जेवढं प्लास्टिक वितळवतो तेवढ्याचा दाखला काढतो आणि कंपनी तो दाखला पैसे देऊन घेते. पण दाखला काढायचा तर कारखान्याची सरकारात नोंदणी पाहिजे. पाइपवाल्यांनीही सांगून टाकलं, नोंदणी नसेल तर तुमचा दाणा आम्हाला चालणार नाही. म्हणजे नोंदणी नाही तर शेड बंद. शेडात सात बाया माल निवडायला बसायच्या, त्यांचंही बंद.

नांदेडला सोनटक्के नावाचा एक सल्लागार होता. गोड माणूस. शेडात आला, मशीन बघितलं, खुर्चीवर बसून म्हणाला, "दिवसाला किती दाणा निघतो?"

सुभद्रा म्हणाली, "लाईट टिकली तर दीड टन."

"सहा लिहू."

"मशीन दीडचं हाय."

"काकू, मशीन दीडचं राहू द्या. कागद सहाचा करू. दाखले सहाचे निघतील. सगळेच करून राहिलेत."

 सुभद्राच्या हातात एक धुतलेली पिशवी होती, ती घडी घालत बसली. मग म्हणाली, "एक सांगा साहेब. वरचं साडेचार टन आपण वितळवलंच न्हाई. मग ते गेलं कुठं?"

सोनटक्के हसला. "ते कुणी बघत नाही."

"कुणी बघू नका. पर ते गेलं कुठं? नाल्यात गेलं, न्हाईतर कुणी पेटवलं. आन कागदावर लिवलेलं, सुभद्रानं वितळवलं. मी न्हाई सही करणार."

तो गेल्यावर आमचं वाजलं. मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, तू काय सगळ्या जिल्ह्याचा नाला साफ करणार आहेस का. म्हणालो, कारखाना मी उभा केला, तू नावाची मालकीण. हे मी बोललो. आता लिहायला हात अडखळतो, पण बोललो. ती एवढंच म्हणाली, "नावाचीच हाय. म्हणून तर नाव सांभाळते."

पुढच्या आठवड्यात, दुपारी, ती मागं हौदावर माल धुवायला लावत होती. तिचा मोबाइल मशीनजवळ चार्जिंगला होता. आधारला तोच नंबर. सोनटक्केचा मला फोन आला. "काका, अर्ज भरून ठेवलाय. सही लागत नाही, ऑनलाइन आहे. काकूंच्या फोनवर ओटीपीचा आकडा आला असेल, तेवढा सांगा." मी सांगितला. सहा आकडे. मग तो मेसेज पुसून टाकला. हौदाकडून तिचा आवाज येत होता, कुणा बाईला ती म्हणत होती, "गाठी सोड की, गाठीत चिखल ऱ्हातो." मी जागेवर येऊन बसलो. मला वाटलं, झालं एकदाचं.

महिन्या-दीड महिन्यानं नोंदणीच्या कार्यालयातून तपासणी आली. बाई अधिकारी होत्या, सोबत एक कारकून. त्यांच्या हातात छापलेला अर्ज. मॅडमनी मशीनभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "रोजची क्षमता सहा टन?"

सुभद्रानं माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं. तिला सगळं कळलं.

"मॅडम, हा आकडा खोटा हाय," ती म्हणाली.

"अर्ज तुमचाच आहे ना?"

"हाव, माझाच हाय."

"मग भरला कुणी?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ती बोट दाखवू शकत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या नावानं गेला म्हणजे मीच भरला समजा. तुमी बसा. मशीन चालू करते. तुमच्यासमोर वजन करा आन जे भरंल ते लिवा."

मशीन तापायला तास जातो. मॅडम खुर्चीवर बसून राहिल्या. सुभद्रानं पदर खोचला, हीटर लावले, तारा सुरू झाल्यावर स्वतः कटरशी उभी राहिली. पुढच्या तासाभरात जेवढा दाणा पडला तेवढा पोत्यात भरून काट्यावर चढवला. सव्वाशे किलो. मॅडम म्हणाल्या, "बारा तास धरले तरी दीड टन." सुभद्रा म्हणाली, "तेच म्हणून राहिले मी."

अर्ज परत आला. नव्यानं भरा, असा शेरा पडला.

घरी आल्यावर मी वाट बघत होतो की ती आता बोलेल. तिनं भाकरी थापली, वाढली.  पुढचे दोन महिने आमच्यात फक्त मशीनचं बोलणं झालं. पट्टा ढिला झालाय. बेअरिंग वाजतंय. एवढंच.

नवा अर्ज तिनं स्वतः भरवला. बसस्टँडजवळ एका मुलीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथं सुभद्रा स्टुलावर बसली, मी दारात. तीन तास चाललं ते. मुलगी बिचारी दमली.

"मावशी, पुढं जाऊ का?"

"थांब. हे काय लिवलंय?"

"ते सगळेच टिक करतात."

"सगळ्यांचं नाव सुभद्रा हाय का? वाच."

मुलीनं वाचलं, मराठीत सांगितलं. सांडपाण्याचं काय करता, असा प्रश्न होता. सुभद्रा म्हणाली, "लिव, एक टाकी हाय, दुसरी बांधायची हाय." मुलगी म्हणाली, "बांधली असं लिहिते." "बांधल्यावर लिव." मग आम्ही घरी आलो, दुसरी टाकी बांधली आणि महिन्यानं जाऊन अर्ज पुरा केला. तोवर पाइपवाले दुसरीकडे वळले होते. शेडात दाण्याची पोती छताला लागली. निवडणाऱ्या सात बायांपैकी चार गेल्या. त्यांना निरोप देताना सुभद्रा रस्त्यापर्यंत गेली. माघारी आल्यावर मला म्हणाली, "ह्याचं पाप निम्मं माझं हाय. निम्मं तुमचं." दोन महिन्यांनंतरचं ते पहिलं घरचं बोलणं.

नोंदणी मिळाली. दीड टनाची. तिच्या नावानं. पाइपवाले एकेक करून परत आले, दोन बायाही आल्या. पण बरे दिवस फार टिकले नाहीत. तिचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं ओवा खाऊन दिवस काढले, मग नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय.

दवाखान्यात तिला वास सहन व्हायचे नाहीत. ज्या नाकावर आमचा धंदा उभा होता त्याला साधा भाताचा वास चालेना. एका सकाळी मी तिचे पाय दाबत बसलो होतो. ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी फसवलं, त्याचं मला काई वाटलं न्हाई. माणूस घाबरतो, करतो. पर तुमाला ठाऊक होतं मी न्हाई म्हणंल. म्हणून तुमी इचारलंच न्हाई. ते लागलं."

मी पाय दाबत राहिलो. चुकलो म्हणायचं होतं. मला ते शब्द येत नाहीत. सगळ्या जन्मात मी ते कुणाला म्हटलेले नाहीत. उद्या म्हणू, असं मनात धरलं. ती आणखी अकरा दिवस होती. मी म्हटलं नाही.

मालक गेला की नोंदणी नव्या नावानं करावी लागते. मृत्यूचा दाखला घेऊन मी त्या कार्यालयात गेलो. त्याच मॅडम होत्या. दाखल्यावरचं नाव बघून त्यांनी फाइल मागवली, आणि फाइल आल्यावर म्हणाल्या, "अरेरे. या बाई मला चांगल्या आठवतात. सहा टन भरून बसल्या होत्या. पण तोंडावर कबूल केलं आणि मशीन चालवून दाखवलं. खोटं भरणारे पुष्कळ भेटतात हो, कबूल करणारे नाही भेटत. नव्या लोकांना मी त्यांचं उदाहरण देते."

मॅडमनी चांगल्या मनानं सांगितलं. पण मी ऐकलं ते असं की सुभद्रानं खोटं भरलं होतं. ज्या बाईनं टाकी बांधल्याशिवाय टाकी लिहू दिली नाही, ती त्या कार्यालयात खोटं भरणारी बाई म्हणून बसली होती. नव्या लोकांना सांगितली जात होती.

मी म्हणालो, "मॅडम, तिनं नाही भरलं. तो अर्ज मी पाठवला. तिच्या फोनमधून, तिला न सांगता. तिनं आधीच नाही म्हटलं होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, आता हा अर्ज तुमच्याच नावानं येतोय. तुम्ही काय बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय."

"मी हे ऐकल्यावर तुमचा अर्ज तसाच पुढं पाठवू शकत नाही. वर विचारावं लागेल. नामंजूरही होईल."

"ते तुम्ही बघा," मी म्हणालो. "पण तिच्या फाइलीत हे घ्या."

 मॅडमनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमच्या हातानं लिहा."

माझं अक्षर वाईट. चार ओळींना अर्धा तास लागला. सहा टनाचा अर्ज मी पाठवला, माझ्या बायकोनं पाठवला नाही, ती नको म्हणत होती, मी चुकलो. हे शेवटचे दोन शब्द कुणी मागितले नव्हते. कारकुनानं कागदाला दोन भोकं पाडली, फाइलीची दोरी सोडली, कागद ओवला आणि गाठ मारली. ती गाठ पडेपर्यंत मी उभा होतो.

अर्जाचं अजून काही आलेलं नाही. शेड बंद आहे. कधी कधी जाऊन मी मशीन पुसून येतो.