दोनशे एकाहत्तर फूट, सहा इंच

अशा चमत्कारिक अनुभवांच्या पोस्टखाली जाऊन "पुरावा काय?" असं विचारणारं एक त्रासदायक माणूस असतं ना, ते म्हणजे मी. भूत, करणी, अंगात येणं, दृष्ट... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरीही लिहितेय, कारण माझ्या मामाबद्दल औरंगाबादच्या सातारा परिसरात जे काही पसरलंय, आणि आता मोबाइलवरून गावोगाव फिरतंय, ते वाचून माझं डोकं उठलंय. कुणी लिहितं त्याला सिद्धी होती. कुणी लिहितं तो डोळे मिटून जमिनीच्या आत बघायचा. फोटोला हार घातलेला, वर "पाणीवाले मामा". तो पाणीवाला नव्हता. तो सिनेमातला फोकस पुलर होता, एकतीस वर्षं. आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मलाच बसावं लागतंय.

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालं. बाबा सरकारी कचेरीत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांना हजर. उरलेली पत्रकं घरी यायची आणि आई ती स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरायची. डाळीचा डबा उचलला की खाली ठळक अक्षरांत "अंगाऱ्यानं ताप उतरतो का?" मी हे वाचत मोठी झाले. त्यामुळे पुढचं लिहिताना मला किती कष्ट पडताहेत, ते समजून घ्या.

लातूरला रेल्वेनं पाणी पोचवावं लागलं, तो उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आम्ही बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात, चौदा रो-हाउसच्या सोसायटीत राहायचो. घर घेताना जाहिरातीत डोंगर होता, बाग होती, कारंजंसुद्धा होतं. नळ येणार येणार म्हणून ऐकत होतो. सोसायटीचे दोन्ही बोअर फेब्रुवारीतच आटले. चौथ्या दिवशी टँकर, आणि तो आला की एरवी एकमेकांना चहाला बोलावणारी माणसं पाइपावरून भांडायची. आणि त्याच वेळी आजूबाजूला प्लॉट विकले जात होतेच. प्रत्येक नवीन बंगला म्हणजे जमिनीला आणखी एक भोक. हे सगळं बघून ज्याला राग येत नसेल त्या माणसाचं मला नवल वाटतं.

विनायकमामा, आईचा मोठा भाऊ, त्याआधी चार वर्षांपासून आमच्याकडे राहत होता. काचबिंदूनं त्याची नजर गेली होती. अगदी काळोख नाही, पण सगळा धूर. खिडकी कुठे आहे ते कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते कळायचं नाही.

फोकस पुलर म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण ते कुणालाच माहीत नसतं. नट चालत कॅमेऱ्याकडे येतो, तेव्हा त्याचा चेहरा सतत स्पष्ट राहावा म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगावरची एक रिंग फिरवत राहावी लागते. ती फिरवणारा माणूस हा. मामाच्या काळात तो कॅमेऱ्यातून बघायचाच नाही. बाजूला उभा राहून नटाकडे बघायचा आणि नुसत्या नजरेनं अंतर ओळखायचा. आधी टेपनं मोजून घ्यायचं, जमिनीवर खुणा करायच्या, पण नट खुणेवर थांबतात थोडेच. बरोबर आलं की नाही ते दोन दिवसांनी फिल्म धुऊन आल्यावर कळायचं. "माझं काम दिसलं म्हणजे ते चुकलं," असं तो म्हणायचा. मोठमोठ्या नट्यांविषयी त्याला विचारलं तर उत्तर यायचं की ती डाव्या पायावर झुकायची, खुणेच्या सहा इंच पुढे यायची. बस्स. दिसायला कशी होती विचारलं तर त्याला आठवायचं नाही.

काम सोडलं तेसुद्धा स्वतःहून. एका शॉटला त्याला स्वतःच्या डोळ्यांची शंका आली. फिल्म धुऊन आली, शॉट उत्तम होता, कुणाला काही कळलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेरामनला सांगितलं, मला आता नीट दिसत नाही, दुसरा माणूस घ्या. असा माणूस होता तो. हे लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल.

घरी आल्यावरही त्याची सवय सुटली नाही. दारात कुणी उभं राहिलं की तो पुटपुटायचा, "नऊ फूट दोन." मी सुरुवातीला त्याचीच टेप घेऊन तपासायची. दोन इंचांच्या वर तो कधी चुकला नाही. पण यात अतिमानवी काही नव्हतं. घर त्याला पाठ होतं, आवाजाचा त्याला अंदाज होता. कान सांगत होते ते तो बोलत होता. हे मी तेव्हाच समजावून घेतलं होतं.

आता बोअर.

सोसायटीचे अध्यक्ष जाधवकाका. मूळ देवगाव रंगारीचे, नोकरी वाळूजला कंपनीत. माणूस मनानं चांगला, पण त्यांनी वैजापूरकडून एक पाणाड्या आणला, जमिनीखालचं पाणी दाखवणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो सोसायटीभर फिरला आणि गेटाजवळ नारळ उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भूगर्भशास्त्र. मी पाणाड्याला म्हटलं, डोळ्यांवर पट्टी बांधून तीच जागा पुन्हा दाखवा. त्याला अचानक घरची कामं आठवली.

त्यानंतर आठवडाभर मी घरोघर जाऊन भांडले. माझे सर यंत्र घेऊन आले, जमिनीत खुंट्या ठोकून मोजणी केली आणि मागच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरजवळ एक जागा सांगितली. खात्री देत नाही, म्हणाले, पण लागलं तर इथं लागेल. शेवटी जाधवकाका वैतागून म्हणाले, "बरं बाई, आधी तुझी जागा. नाय लागलं तर गाडी गेटापाशी आनायची. आन् मग तू त्वांड उघडायचं नाय."

म्हणजे तिथं नुसतं पाणी लागायचं नव्हतं. माझी जागा कोरडी निघाली असती तर त्या चौदा घरांत पुढची पंधरा वर्षं नारळच उभा राहिला असता.

बोअरची गाडी सकाळी आठला आली. तमिळ मुलांची टोळी. कानठळ्या बसवणारा आवाज आणि पांढरी धूळ. वीस फुटांचा एकेक रॉड आत जायचा, मग दुसरा जोडायला मशीन थांबायचं. मामाला आवाज ऐकायचा होता म्हणून मी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर सावलीत आणून बसवलं. शंभर फूट – धूळ. दीडशे – धूळ. दोनशेला बायका घरात गेल्या. अकरावा रॉड संपला, दोनशे वीस झाले, तरी धूळच. मशीन थांबलं. ड्रिलरनं विचारलं, "और डालना क्या, साब?"

जाधवकाका मान हलवत म्हणाले, बास. मग वातावरण हलकं करावं म्हणून असेल, ते मामाकडे वळले. "मामा, तुमी समद्यांचं अंतर सांगता. पान्याचं बी सांगा की."

दोनचार जण हसले. मामा नाही हसला. "दिसत नाही त्याचं अंतर मी सांगत नाही, जाधव."

विषय संपला होता. ड्रिलर रॉड वर काढायला सांगत होता. मी ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला धरून उभी होते आणि रडायचं नाही एवढं ठरवत होते. आणि मामा मान थोडी खाली करून, दारातल्या माणसाचं अंतर सांगावं तितक्याच सपाट आवाजात म्हणाला, "दोनशे एकाहत्तर फूट, सहा इंच."

मी सांगते, मला आनंद वगैरे काही झाला नाही. माझा संताप झाला. आठवडाभर मी ज्याच्याविरुद्ध घसा फोडला, तेच माझ्या घरातून, त्या माणसाच्या तोंडून. मी सगळ्यांसमोर ओरडले. "मामा, तूसुद्धा? त्यापेक्षा नारळ घे ना हातात."

त्याचा चेहरा पडला. "तोंडातून गेलं गं," एवढंच म्हणाला आणि आईला हाक मारून घरात निघून गेला. त्याला दाराची पायरी सापडत नव्हती. चार वर्षांत पहिल्यांदा तो त्या पायरीला अडखळला.

जाधवकाकांनी ड्रिलरला सांगितलं, "टाक अजून तीन रॉड. मामा बोल्लेत."

बारावा. तेरावा. धूळ. चौदावा अर्ध्यावर गेला आणि धुळीचा रंग बदलला. मग चिखल उडाला, मग पाणी. ड्रिलरनं मशीन बंद केलं. बायका बाहेर आल्या, कुणीतरी हळदकुंकू आणलं. मी पळत घरात गेले आणि मामाच्या उशाची टेप आणली. खोटं पाडायचं होतं मला ते. जमिनीच्या वर राहिलेला रॉड मोजला. आठ फूट सहा इंच. म्हणजे आत साडेअकरा. तेरा रॉडांचे दोनशे साठ, अधिक साडेअकरा.

मी ड्रिलरशी हुज्जत घातली की टोकाला बसवलेल्या हातोड्याची लांबी वेगळी धरायला हवी. तो म्हणाला, पहिला रॉड तेवढाच आखूड असतो, दोन्ही मिळून वीस. बाजूला पडलेले रॉडही मी मोजले. वीस, वीस, वीस.

तर पाणी लागलं, दोन इंची. माझ्या जागेवर लागलं. सरांच्या यंत्रानं सांगितलेल्या जागेवर. आणि श्रेय कुणाला गेलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

त्यानंतर मामाचं जगणं या लोकांनी कठीण केलं. देवळाईहून, बायपासवरून, जाधवकाकांच्या गावाकडून माणसं यायची. पाया पडायची. गेटवर नारळ ठेवून जायची. तो प्रत्येकाला सांगायचा, मला यातलं काही कळत नाही, मी सिनेमात फोकस करायचो. ते म्हणायचे, व्हय व्हय, पण आमच्या रानात एकदा चला. एकानंही विचारलं नाही की फोकस म्हणजे काय करायचा तुम्ही. हळूहळू त्यानं बाहेरच्या खोलीत बसणं सोडलं. दारातल्यांची अंतरं सांगणंही सोडलं.

मी माफी मागितली, पण खूप उशिरा. दिवाळीनंतरच्या एका दुपारी. मागितली आणि लगेच विचारलंही, माझा स्वभाव. "तू ते का बोललास त्या दिवशी?"

"तुला राग येईल."

"तो आलेलाच आहे."

तो जरा हसला. म्हणाला, "चार वर्षं सगळा धूर आहे, मुक्ता. तुझं तोंडसुद्धा धूर. त्या दिवशी मशीन थांबलं आणि खाली काहीतरी एकदम शार्प झालं. कडा दिसली. दिसलं, म्हणून अंतर सांगितलं."

"काय दिसलं?"

"ते आम्ही बघत नाही गं. आम्ही अंतर बघतो."

फेब्रुवारीत तो गेला. झोपेत, शांतपणे.

मी डॉक्टरांना विचारलंय. नजर गेलेल्या माणसांना मेंदू कधी कधी स्पष्ट चित्रं दाखवतो, हे खरं आहे, मी वाचलंही. ते मला पटतं. पण त्यात आकडा कुठून येतो? योगायोग म्हणावा तर फुटाचा म्हणेन, इंचाचा कसा म्हणू? आवाजावरून ओळखलं म्हणावं तर मधे पन्नास फूट दगड होता. हे सगळं मी इतक्यांदा उलटंपालटं केलंय की आता मला माझाच कंटाळा येतो.

तो गेल्यावर सोसायटीनं पंपाच्या खोलीवर पाटी लावायची ठरवली, "विनायकमामांच्या कृपेने". मी पुन्हा भांडले. कृपा काढा म्हटलं. जाधवकाकांनी शांतपणे विचारलं, "मग काय व्हतं ते, तू सांग. तेच लिवू." मला सांगता आलं नाही. शेवटी पाटीवर एवढंच आलं: विनायक पाठक, फोकस पुलर. मला वाटलं, जिंकले.

गेल्या महिन्यात वैजापूरकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. नंबर जाधवकाकांनीच दिला असणार. "ताई, तुमच्याकडं फोकस पुलर हायेत म्हनं. बोअर घ्यायचाय." मी कपाळाला हात लावला. वारले म्हटलं. तर म्हणाला, "मग दुसरे कोनी फोकस पुलर हायेत का तिकडं?"

म्हणजे माझ्या पाटीनं हे केलं होतं. पाणाड्याला नवीन नाव मिळालं होतं.

मी त्याला वीस मिनिटं समजावलं. कॅमेरा, रिंग, टेप, खुणा, चालत येणारा नट, सगळं. मग तो म्हणाला, "म्हंजी कॅमेऱ्यातून बी बघायचे नाय, आन् शेवटी डोळ्यानं बी दिसंना. मग त्यांनी सांगितलं कसं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"बरं," तो म्हणाला. वाद घातला नाही, दुसरा पत्ता मागितला नाही. विचारलं, "कोन्ता पिक्चर व्हता त्यांचा? पोरं मोबाइलवर लावत्यात. बघू तरी, कसं करायचे."

पाण्याचं मला आजही सांगता येत नाही. पिक्चरचं नाव मात्र मी सांगितलं. दोनदा सांगितलं, रेंज तुटत होती म्हणून.