नववे विमान उतरेपर्यंत

मुंबईच्या धावपट्टीवरून विमान उचलले गेले तेव्हा माझ्या मांडीवर निळी पिशवी होती. तिच्यात बर्फाच्या थैलीला लागून बाबांच्या इन्सुलिनची दोन पेने होती आणि तो गारवा माझ्या कुर्त्यातून आत झिरपत होता. साडेतीन तास मी तो गारवाच तपासत राहिले. खाली अरबी समुद्र कोणत्या रंगाचा होता, हे मला सांगता येणार नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. ऐन उमेदीची तेवीस वर्षे त्यांनी हवाई दलात, बहुतांशी पुण्याच्या लोहगाव तळावर, कॅनबेरा या ब्रिटिश बनावटीच्या बॉम्बफेकी विमानांची देखभाल करण्यात घालवली. चाके, ब्रेक, इंजिने सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. जेवणाचे ताट आले तेव्हा त्यांनी ते हलकेच परत केले.

"बाबा, थोडं तरी खा. त्याआधी इंजेक्शन देते."

"दोन्ही उतरल्यावर," ते म्हणाले.

पुलावाचा वास त्यांना आवडला नसेल, असे मी समजले. बाबा मुळात कमी बोलणारे. मी आजवर कुठूनही पोहोचल्याचे कळवले की 'बरं' म्हणतात आणि फोन ठेवून देतात. त्या एका शब्दाने दुखावले जाण्याचीही मला सवय झाली होती.

या प्रवासाचे प्रयोजन साधे होते. थंडीचे तीन महिने बाबा माझ्या धाकट्या भावाकडे, समीरकडे, दोह्यात राहणार होते. मी आठ दिवस राहून त्याच्या हाती त्यांना सोपवून परतणार होते. सोपवायचे होते ते बाबांना आणि त्यांच्यासोबत माझ्या काळजीलाही. ही दुसरी गोष्ट सामानात कशी भरावी हे मला कळले नव्हते.

कतार वरून दिसले ते भाजलेल्या रव्याच्या रंगाचे. मग एकाएकी समुद्राची फिकट हिरवी किनार आली आणि तिच्या काठावर वेस्ट बे या भागातले काचेचे मनोरे. चाके टेकताच बाबांनी पट्टा सोडण्याआधी हात पुढे केला. "आता दे काय असेल ते." मी त्यांना इंजेक्शन टोचून पिशवीतला पोळीचा रोल दिला. तो त्यांनी भुकेल्या माणसासारखा संपवला. मी हे पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

समीर रास लफानच्या वायुप्रकल्पात अभियंता आहे. पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जाते आणि पाळी संपल्यावर आणून सोडते. अबू हमूरमधल्या त्याच्या घरी पोहोचताच मी फ्रिजवर एक कागद चिकटवला. कोणते इंजेक्शन किती वाजता, नंतर किती मिनिटांत जेवण, साखर उतरू लागल्याची लक्षणे कोणती. समीरने तो वाचला आणि हसला.

"ताई, आमच्या प्लँटच्या शटडाऊनलासुद्धा एवढी प्रोसीजर नसते गं."

"तुझा प्लँट हट्टी नसतो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच वसाहतीत राहणाऱ्या ॲलन यांनी आम्हाला चहाला बोलावले. सत्तरीचे इंग्रज गृहस्थ, आयुष्यभर तंत्रशाळेत शिकवून आता निवृत्त. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतींवर विमानांची चित्रेच चित्रे होती: हंटर, व्हल्कन, नॅट, आणि सर्वांत मोठ्या चौकटीत कॅनबेरा, रुंद पंखांची, थोडी स्थूल, एखाद्या सोशिक बाईसारखी. शाळकरी वयापासून ॲलन तळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून विमानांचे क्रमांक वहीत टिपत आले होते. इंग्लंडमधल्या हवाई कसरतींच्या आठवणी सांगताना त्यांचा आवाज कोवळा होत असे. ओले गवत, लोकरीच्या कोटांचा वास, दूरवर एक धडाका, आणि मग गर्दीपर्यंत तरंगत येणारा काळा, तिखट धूर.

"काडतूस," बाबा म्हणाले.

कॅनबेराचे इंजिन सुरू करायला बंदुकीच्या दारूचे काडतूस उडवावे लागे. ॲलननी मेजावरून पेन्सिली ठेवलेला एक पितळी पेला उचलला आणि बाबांच्या हातात दिला. तसल्याच काडतुसाची ती रिकामी पुंगळी होती, लिलावात मिळालेली. बाबांनी पेन्सिली काढल्या, पुंगळी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"वास गेलाय," ते म्हणाले. मग उजवा तळवा उघडला. अंगठ्याखाली गुळगुळीत, चंद्रकोरीसारखा डाग होता. "गरम असायची. हातमोज्याशिवाय धरली की कातडी घेऊन जायची."

तो डाग मी जन्मापासून पाहत आले होते. तो कसा पडला, हे मी कधी विचारले नव्हते.

"तुम्ही कुंपणाच्या आत होतात, चीफ," ॲलन म्हणाले. देखभाल पथकाच्या प्रमुखाला असलेल्या त्या संबोधनाने बाबांचे खांदे किंचित सरळ झाले. "कसरती किती जवळून पाहिल्या असतील!"

"एकदाही नाही," बाबा म्हणाले. त्यांची इंग्रजी हवाई दलातली, तुटक, काटेकोर. "माझी पाठ आकाशाकडे. मी जागा बघायचो. विमान जिथून गेलं ती रिकामी जागा."

बाबांना कसरती दाखवायच्या, हे ठरले ते तेव्हाच. राष्ट्रीय दिन जवळ आला होता आणि कॉर्निशवर (खाडीला कवेत घेणारा समुद्राकाठचा रस्ता) दुपारी विमानांचा सराव चालू होता. चौथ्या दिवशी आम्ही ॲलनना घेऊन निघालो. समीर पाळीवर होता. गाडी चालवायला हनीफभाई होते, मूळचे रत्नागिरीचे, वीस वर्षे दोह्यात राहूनही समुद्राला 'दर्या'च म्हणणारे.

शमाल (उत्तरेचा वारा) वाहत होता. त्याला मीठ आणि बारीक धूळ यांची चव होती. कठड्यापाशी लाकडी नौका दोरांवर कुरकुरत होत्या. हनीफभाईंनी कागदी पेल्यांतून करक (दुधात वेलदोडा घालून आटवलेला चहा) आणला. बाबांनी पेला कठड्यावर ठेवून दिला. तेवढ्यात उत्तरेकडून नऊ विमाने आली. आधी ती दिसली, मग त्यांचा आवाज छातीत शिरला. खाडीच्या पाण्यावर त्यांच्या सावल्या कात्रीसारख्या फिरल्या. बाबांनी ओठांत मोजले. मीही मोजले.

वीस मिनिटांनी विमाने दूर गेली आणि आकाशात रंगीत धुराचे केस विस्कटत राहिले. कार्यक्रम संपला, असे मला वाटले. डबा तयार होता, जेवणाची वेळ झाली होती. मी बाबांचा सदरा वर केला. नजर न हलवता त्यांनी पोट पुढे केले. मी सुई टोचली, आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे घड्याळ पाहिले. एक वाजायला दहा मिनिटे.

"चला, गाडीत बसून जेवू."

"थांब," बाबा म्हणाले. "परत येऊ देत."

दक्षिणेकडून एकेक विमान खाली येत होते आणि खजुरांच्या रांगेआड धावपट्टीकडे नाहीसे होत होते. बाबा मोजत होते. सहा. सात. आठ. त्यानंतर आकाश रिकामे राहिले.

"बाबा, दहीभात."

"एक राहिलंय."

"ते येईल हो. तुम्ही खा."

"आल्यावर."

आणि त्या क्षणी विमानातले परत केलेले ताट माझ्या डोळ्यांपुढे आले. आईचे वाक्य आठवले, 'अजून उतरलं नाही वाटतं,' असे म्हणत ती रात्रीची भाजी झाकून ठेवायची. आपण आकाशात पाठवलेले विमान जमिनीला लागेपर्यंत बाबा अन्नाला शिवत नसत. निवृत्तीला पस्तीस वर्षे झाली होती. तो नियमही निवृत्त झाला, असे मी गृहीत धरले होते. आणि मी त्यांना इन्सुलिन टोचले होते.

"बाबा, मी इंजेक्शन दिलंय!"

"केव्हा?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. पोटावर हात नेला. "हं. दिलंस खरं."

यंत्राने साखर पाहिली. शहाऐंशी. पंधरा मिनिटे गेली. त्या थंड वाऱ्यातही त्यांच्या कानामागे घामाचा थेंब उभा राहिला. मी खजूर त्यांच्या तोंडाशी नेला.

"बोट घे, तोंड नाही," ते म्हणाले आणि तर्जनी पुढे केली. अडुसष्ट.

हनीफभाईंना परिस्थिती कळली. "काय काका, तो विमानवाला दुसरीकडे उतरून बिर्याणी चोपत बसला असेल, आणि तुम्ही हितं उपाशी?"

"चोपू दे," बाबा म्हणाले. "खाली उतरून चोपू दे."

मग मी खोटे बोलले. फोनवरून मान उचलून मध्येच ओरडले, "आलं, बाबा! आत्ता उतरलं, मी पाहिलं!"

"कुठून आलं?"

मी उत्तरेकडे हात केला. बाबांनी एक ओले बोट वर धरले, आणि मग अशा नजरेने माझ्याकडे पाहिले की मी हात खाली घेतला.

"वारा समोरून घेऊन उतरतात, बाळ. तू पाठीवर घेऊन उतरवलंस."

मी ॲलनना बाजूला नेले. "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. प्लीज."

ॲलननी मान हलवली. त्यांचा चेहराही पांढरा पडला होता. "इतर कुठलीही थाप मारेन. ही नाही." ते बाबांजवळ जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "चीफ, एखादं आलं नाही, असं झालं होतं का?"

बाबांनी कठडा धरला होता. ते बोलले ते इंग्रजीत, त्या परक्या माणसाशी, समुद्राकडे पाहत.

"एकदा. दोघं होते आत. मीच पट्टे बांधले. दुपारी मित्र म्हणाला, चल, दोन घास खाऊ. बसलो. निरोप आला तेव्हा घास तोंडात होता. गिळावा की थुंकावा, कळेना. गिळला."

पन्नाशीला टेकलेली मी, हे पहिल्यांदा ऐकत होते. लहानपणी पाहिलेले, बाबांनी तीन दिवस न शिवलेले, झाकलेले ताट मला आठवत होते. त्याखाली काय होते, ते आज कळले.

शब्द आता त्यांच्या जिभेवर अडखळू लागले होते. हनीफभाईंनी गाडी सुरू करून दार उघडे ठेवले होते. रुग्णालय दहा मिनिटांवर आहे, असे त्यांनी मला खुणेने सांगितले. मी ठरवले, पाच मिनिटे, मग हाताला धरून, ओढून, कसेही. मी बाबांच्या पाठीला पाठीचा आधार दिला. त्यांच्या सदऱ्यातून घामाचा ओलावा माझ्या पाठीला लागला. मी दक्षिणेकडे पाहू लागले. इतकी वर्षे मी आकाशाकडे माझ्या कवितांसाठी पाहिले होते. त्या दिवशी मला तिथे फक्त एक ठिपका हवा होता.

"चीफ," ॲलन म्हणाले.

खजुरांच्या वर, धुळकट उजेडात एक दिवा होता. तो हलत नाही असे वाटत होते. मग त्याला पंख फुटले.

"चाकं?" बाबांनी विचारले. "मला दिसत नाही. चाकं खाली आहेत?"

मी डोळे ताणले. या वेळी खोटे बोलण्याची गरज नव्हती, तरी खात्री होईपर्यंत मी बोलले नाही. "खाली आहेत. तिन्ही."

विमान झाडांआड गेले. बाबांनी आणखी थोडा वेळ कान देऊन ऐकले आणि मग तोंड उघडले, एखाद्या लहान मुलासारखे. मी खजूर ठेवला, मग दुसरा, मग फरसबंदीवर बसूनच दहीभात. दह्याचा एक थेंब त्यांच्या हनुवटीवर राहिला. ॲलननी गार झालेला करक एका दमात संपवला. तेव्हा माझ्या लक्षात आले, इतका वेळ त्यांनीही पेल्याला तोंड लावले नव्हते.

ते विमान मागे का राहिले, हे आम्हाला कधीच कळले नाही. संध्याकाळी समीरने सगळे ऐकले आणि फ्रिजवरच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'कोणी हवेत असेल तर आधी इंजेक्शन नाही.'

आठव्या दिवशी सकाळी तिघे मला विमानतळावर सोडायला आले. हनीफभाईंनी माझी बॅग उतरवली. "यल्ला, चला ताई, काकांची फिकर नको. आम्ही हाव." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तळव्यावरचा तो गुळगुळीत डाग मला कपाळावर जाणवला.

"उतरलीस की कळव."

"नाश्ता झालाय ना तुमचा?"

ते समीरकडे पाहू लागले. समीर म्हणाला, "इंजेक्शनपण दिलेलं नाही. दोन्ही तू उतरल्यावर. मी ठरलेल्या वेळांना साखर बघत राहीन, तू जा."

मुंबईवर गर्दी असल्याने आमचे विमान वर घिरट्या घालू लागले. एक फेरी, दुसरी, तिसरी. मांडीवर आता बर्फाची पिशवी नव्हती, तरी तो गारवा तिथेच होता. ढगांच्या भोकातून खाडीचे पाणी दिसे आणि पुन्हा बुजून जाई. शेजारचा प्रवासी उशिराबद्दल चडफडत होता. मी मात्र माझ्या आजवरच्या विमानप्रवासांची उजळणी करत होते. दिल्ली, गुवाहाटी, एकदा धुक्याने नऊ तास रखडलेले कोलकाता. त्या प्रत्येक वेळी एक माणूस पुण्यात रिकाम्या जागेकडे पाहत बसला होता. मी फोन केला की तो 'बरं' म्हणे आणि ठेवून देई. मला वाटे, त्याला बोलायचे नसते. त्याला भूक लागलेली असे.

चाके टेकली. फोनला नेटवर्क मिळायला लागलेली दोन मिनिटे मला फार मोठी वाटली.

"बाबा, उतरले."

"उशीर झाला."

"वर फिरवत होते."

"वारा?"

"समोरून घेतला," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. तो टेबलावर टेकवल्याचा आवाज आला, समीर इंजेक्शनचे काहीतरी पुटपुटला, खुर्ची सरकली. मग काही मिनिटांनी, पोळी तोडल्याचा हलका आवाज आणि बशीतल्या चहाचा पहिला घोट.

विमानातले लोक सामान काढत होते. मी तशीच बसून राहिले, कानाशी फोन धरून, त्यांचे जेवण संपेपर्यंत.