शेवटच्या रांगेसाठी झुंबड

पुण्यातल्या कॉलेजच्या ख्रिस्ती मुलामुलींना सार्वजनिक धोरणाचे धडे द्यायला बारामतीला चल, असं प्रशांत सर म्हणाले तेव्हा मी एकच अट घातली. मी नकाशे शिकवेन, नेतृत्व नाही.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरलीत तर जेवणाआधी बारामतीत पोचता. मुक्काम बारामतीलगतच्या जळोचीत, सरांच्या ओळखीच्या रिकाम्या घरात. तिथं सरांनी दोन दिवस एकच गोष्ट ठसवली: नेता म्हणजे सेवक, पुढची जागा दुसऱ्याला द्या. दुसऱ्या रात्री पहिलं ताट कुणीच उचलेना. पिठलं गार झालं.

तिसऱ्या दिवशी जीपनं निरवांगी गावात. ऊसतोडीच्या दिवसांत जाणार असाल तर अंधार पडायच्या आत परता. ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागचे दिवे असतीलच असं नाही.

काम साधं होतं. सकाळची एसटी गावाबाहेरच्या वस्तीच्या फाट्यावर थांबत नव्हती. वस्तीवरच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली गावातल्या थांब्यापर्यंत चालत जात, आणि बरेचदा गाडी चुकायची. आमच्या मुलांनी सकाळी घरोघर विचारून माहिती जमवली, मी नकाशा केला. आज ग्रामसभेत ठराव झाला तर तो डेपोला जाणार. नाहीतर पुढची सभा थेट उन्हाळ्यात. आम्हाला दहा मिनिटं मिळाली होती.

देवळाच्या सभामंडपात सतरंज्या होत्या. गावकरी सवयीनं मागं बसायला निघाले. आमची मुलंही.

"फुडं बसा की, पावणं."

"नको, तुम्ही बसा."

असं करत दोन्ही बाजू पायऱ्यांपर्यंत सरकल्या. पुढचा अर्धा मंडप मोकळा. सरपंचताईंनी माईकवर विचारलं, "कोण बोलणार?"

"सॅमसन," आमच्यातली रूथ म्हणाली.

"नको, रूथ छान मांडते."

"मी कशी? आधी सॅमसन."

माझ्या शेजारी वस्तीवरचे तात्या होते, नात पूजाला घेऊन आलेले. "बाई, हे हुबं का ऱ्हाईनात?"

"त्यांना नम्रता शिकवलीय."

"कुणी?"

मी सरांकडे बोट दाखवलं. सर सगळ्यांच्या मागं, चपलांपाशी बसले होते.

"आमच्यात खुर्ची सोडा म्हणावं लागतं. हितं धरा म्हणायची पाळी आली!"

ताईंनी पुढचा विषय पुकारला, रस्त्यावरचे दिवे. तेव्हा तात्या ओरडले, "आरं पोरांनो, तुमच्या नम्रतेपायी माझी नात पायी चालतीया!"

रूथ उठली. लोकांचे पाय तुडवत, माफी मागत, रिकामा अर्धा मंडप ओलांडून माईकपाशी गेली आणि सगळं एका दमात बोलली. नकाशा उलटा धरला होता.

सूचक तात्या. अनुमोदनाला सॅमसननं हात वर केला. अनुमोदक गावचाच लागतो, हे त्याला सांगावं लागलं. ठराव मंजूर.

महिन्याभरानं तात्यांचा फोन आला. "गाडी थांबतीया. पर फाट्याच्या म्होरं जाऊन. पोरी पळत्यात." मग म्हणाले, "पर गाडी गावतीया."

त्या रविवारी पुण्यात चर्चमध्ये गेले. मागचे बाक नेहमीसारखे गच्च भरलेले. पहिल्या बाकावर एकटी रूथ. तिनं वळून मला खुणावलं. मी फक्त नकाशे शिकवते, असं मनात म्हणून झालं.

मग पिशवी उचलली आणि लोकांचे पाय तुडवत पुढं गेले.