मोहनाचं तेल

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढंही नाही—आणि ती आता गेली. तुम्ही समोर बसलाय असं धरून लिहितो. भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू?

कांदाभजी खाता ना? कुरकुरीत, खेकड्यासारख्या नांग्या फुटलेली? माझ्या शांताच्या हातची तशी व्हायची. कांदा उभा चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा, सुटेल त्या पाण्यातच बेसन कालवायचं. वरून थेंब घालायचा नाही. आणि मोहन—कडकडीत तापलेलं तेल पिठात ओतायचं.

हे मला कतारला, दोहात कळलं, कॅसेटवरून. ऐंशी सालाच्या आसपास. मी बांधकामावर शटरिंगचा सुतार. तिथल्या बिन महमूद भागात कंपनीच्या खोलीत आम्ही सहा जण, त्यातला एक दत्तू—शांताचा धाकटा भाऊ, मीच नेलेला. मला तेव्हा लिहितावाचता बेताचंच यायचं, म्हणून शांता पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची.

शुक्रवारची सुट्टी. दुपारी मागच्या पत्र्याच्या किचनमध्ये मी कढई चढवली. तेल तापत ठेवलं आणि आठवेना—मोहन एक पळी की दोन? खोलीत येऊन कॅसेट मागं फिरवली. सापडलं. दोन पळ्या, जास्त नको, नाहीतर भजी तेल पितात. मग बंद करायची ना? मी नाही केली. पुढं ती म्हैस व्याल्याचं सांगत होती आणि मध्येच हसली. ते हसणं मी परत ऐकलं. तीनदा.

बाहेर ओरडा झाला. तेल पेटलेलं. दत्तूनं पेटती कढई उचलून वाळूत फेकली होती. छपराच्या लाकडानं पेट घेतला, तो बाकीच्यांनी वाळू मारून विझवला. दत्तूचा उजवा हात कोपरापर्यंत सोललेला.

कंपनीच्या खोल्यांवर देखरेख करणारा कॅम्पबॉस आला. विचारलं, "तेल किसने रखा था?"

मी दत्तूच्या शेजारी उभा. माझ्या बोटांना बेसन लागलेलं—ते मी पाठीमागं लेंग्याला पुसलं. नोकरी गेली तर? दत्तूनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाला, "मेरे से हुआ."

"खलास," कॅम्पबॉस म्हणाला. आठवड्यात दत्तूला गावाला धाडलं.

आता नीट ऐका. घाबरून गप्प बसलो, हे अर्धंच खरं. तो माझं नाव घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. बहीण दिलेल्या घराला आमच्यात भाऊ शब्दानंसुद्धा दुखवत नाही. उद्या तिला कुणी बोल लावेल, ही त्याची काळजी. त्या भरवशावर मी गप्प बसलो.

पुढं दर भाऊबीजेला शांता भजी तळायची आणि म्हणायची, "दत्तू, चुलीपासनं लांब बस बाबा, कतार जाळून आलायस." सगळी हसायची. तोही हसायचा, दोन बोटं न मिटणाऱ्या हातानं बशी धरून. मीही हसायचो. आणि आत धाकधूक—आज बोलतोय काय? कधीच बोलला नाही.

शांता शेवटी अंथरुणाला खिळली. एके सकाळी म्हणाली, "दत्तूला बोलवा. त्याला एक इचारायचंय."

काय विचारायचं होतं तिला? तेच? का भलतंच काही? फोन लागत नाही म्हणालो. मी लावलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं परत सांगितलं, मी परत तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. मग लावला.

तेराव्याला दत्तू माझ्याजवळ येऊन बसला. म्हातारा झालाय आता. हलकेच म्हणाला, "दाजी, आक्कानं शेवटी माझी आठवण काढली का वो?"

मी म्हणालो, नाही.